तेरावी मूठ

मला विसराळू म्हणा, भुलक्कड म्हणा, माझी हरकत नाही. वेडी म्हणाल तर मात्र माझ्या तोंडाचा पट्टा सुटेल, आधीच सांगून ठेवते. वेड लागलं होतं तेव्हा लागलं होतं, पाच-सहा महिने. त्याला आता एकोणीस वर्षं होऊन गेली. मागे जे राहिलंय ते वेड नव्हे. दूध चुलीवर ठेवते आणि दारात जाऊन उभी राहते. कडी लावली की नाही ते बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येते. साधा रोजचा शब्द ऐन वेळी जिभेवरून पळून जातो, मग मी ‘ते गं, ते हे’ करत हात हलवत बसते आणि कापसाच्या जिनातल्या, माझ्यासोबत काम करणाऱ्या बाया खो खो हसतात. हसू देत. पण जे आठवतं ते पक्कं आठवतं. कानबाईच्या रोटाचा तो शनिवार तर मला दाणा न् दाणा आठवतो.

मी झुंबरबाई. माहेर बोदवडचं. एरंडोलजवळच्या एका खेड्यात मला दिली, मोठ्या खटल्यात. सासरे आबा, त्यांचे दोन भाऊ, तिघांची मुलं, त्यांची मुलं, सगळे एका आवारात. मी थोरली सून. वीस-बावीस माणसांच्या भाकरी थापून वर फुगडीला उभी राहायची, अशी होते मी. माझ्या हातचे मांडे खापरावर असे पसरायचे की सासू ताईबाई, जी कुणाला चांगलं म्हणायची नाही, तीसुद्धा गप्प बसायची. तिचं गप्प बसणं म्हणजे शाबासकीच.

निंबा चार वर्षांचा झाला आणि मला मुलगी झाली. नवव्या दिवशी गेली. त्यानंतर काय झालं ते मला लोकांनी सांगितलं तेवढंच ठाऊक. म्हणे, मी जेवेना, झोपेना, रिकामं गोधडं मांडीवर घेऊन थोपटत बसायची. मग एक दिवस हसायला लागले ते थांबेचना. कपाशीच्या शेतात जाऊन बोंडांशी बोलायची, कोण तरी मला तिथून हाक मारतंय म्हणायची. भगताला आणलं, त्यानं लिंबं कापली, धुरी दिली, माझे केस ओढले. शेवटी घरधन्यांनीच धीर केला आणि चाळीसगावला गाडी बदलून मला धुळ्याला नेलं. तिथं त्यांची मावशी होती, आणि तिच्या आळीत एक म्हातारे डॉक्टर होते.

त्या डॉक्टरांचं नाव मी विसरले. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण माझ्याशी माणसासारखं बोललेला तेवढा एकच पुरुष. हळूहळू मला झोप लागायला लागली. हाका थांबल्या. एक दिवस मावशीच्या अंगणात बसून मी मुलीसाठी रडले, आणि डॉक्टर म्हणाले, ‘‘आता ही बरी होणार.’’

पण बरी झाले आणि भाकरी करायला बसले तर पीठ समोर, पाणी समोर, आणि आधी काय करायचं तेच कळेना! मी घाबरले. वाटलं, वेड परत आलं. तेव्हा डॉक्टरांनी घरधन्यांना समोर बसवलं. मी दाराशीच होते, मी ऐकलं. ते म्हणाले, ‘‘ताप उतरला तरी पाय लटपटतात की नाही? तसं हे. मन बरं झालंय, आठवण अजून लटपटते. कदाचित पुष्कळ वर्षं लटपटेल. हिला एका वेळी एकच काम सांगा. घाई करू नका, अंगावर ओरडू नका. कुणीतरी शेजारी उभं राहून आठवण द्या, की ही सगळं करील. आणि घरच्यांना नीट सांगा की याला वेड म्हणत नाहीत.’’ घरधन्यांनी मान हलवली. चांगली दोनदा हलवली.

घरी आले तेव्हा माझी धाकटी बहीण लता तिथं होती. सतरा वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा पटकीनं गेला होता, मूलबाळ नाही, भावाच्या दारात भावजयीचे बोल खात पडली होती. मी धुळ्याला गेल्यावर निंबाला सांभाळायला म्हणून सासूनं तिला बोलावून घेतलं. मला तर देव भेटल्यासारखं झालं. लता मला अक्का म्हणायची, माझी वेणी घालायची, भाजीत मीठ घातलं का ते माझ्या कानात विचारायची. दोनदा मीठ पडलं तर ‘मीच घातलं’ म्हणून स्वतः बोलणी खायची. खोटं कशाला बोलू, तेव्हा तिनं केलंय माझं. म्हणून तर जास्त लागतं.

घरात मात्र कुजबुज सुरू झाली होती. सासू बोलायची ती मला ऐकू जाईल असंच. ‘‘हाई अशीच ऱ्हायनी तं घर कोन चालाडई?’’ घराला सून पाहिजे, दुसरी करावी लागेल, पोराला तिच्या ओटीत घालू आणि हिला पोचवू भावाकडे. एक दिवस आबांच्या समोरच तिनं सांगून टाकलं, ‘‘कानबाई येतेय. रोट मोजणं थोरल्या सुनेचं काम. हिनं रीतसर मोजले तर घर हिचं, पोर हिचं. चुकली तर मग कुणी मला अडवायचं नाही.’’ आबा हो म्हणाले. घरधनी खाली बघत सुपारी कातरत राहिले.

बाहेरच्या माणसाला यात अवघड काय ते कळायचं नाही, म्हणून सांगते. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात घरोघरी कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याचे रोट ज्या गव्हाचे करायचे ते गहू आदल्या दिवशी मोजतात. खटल्यात जेवढे पुरुष, म्हाताऱ्यापासून पाळण्यातल्यापर्यंत, तेवढ्यांच्या नावानं प्रत्येकी सव्वा मूठ. भरली मूठ आणि वर चिमूटभर. सून मोजते, माणसाची आठवण काढते आणि परातीत टाकते. मग धुतलेल्या जात्यावर ते दळायचं. आमच्या घरची रीत अशी, की जात्यात पहिला घास पडला की त्यात दाणा वाढवायचा नाही आणि काढायचा नाही. ज्याची मूठ राहिली त्याच्यावर त्या वर्षी कानबाईची नजर नाही. साऱ्या बाया समोर बसलेल्या असतात, पण मोजणाऱ्या सुनेला त्यांनी सुचवायचं नसतं.

आमच्या खटल्यात त्या वर्षी तेरा पुरुष होते. धडधाकट बाईला तेरा नावं म्हणजे काय, भाकरी उलटेपर्यंत म्हणून होतील. मला सात-आठ झाली की पुढचं सगळं कुणी तरी पुसून टाकल्यासारखं व्हायचं. मग घाबरायची, आणि घाबरले की झालेलीही जायची.

मग लतानंच युक्ती काढली. गोठ्यामागे आम्ही शेण्या थापत होतो. ती म्हणाली, ‘‘अक्का, उजव्या हातानं तू गहू घेशील. डावा हात रिकामा. डाव्या हाताला चार बोटं, एका बोटाला तीन पेरं. बारा झाली. एकेका पेरावर एकेक माणूस बसवू. अंगठा पुढे सरकवत जायचं.’’

करंगळीवर आबा, नाना आणि काका. आजही म्हणून दाखवते, चुकले तर सांगा. शेजारच्या बोटावर निंबाचे वडील आणि माझे दोन दीर. मधल्या बोटावर नानांचे तिघे, धनसिंग, वना, पुना. पहिल्या बोटावर काकांचा चुडामण, आणि त्याची जुळी तान्ही पोरं, राघो आणि माघो. पंधरा दिवस लता मला घोकवत होती. शेण्या थापताना, पाणी भरताना, केस विंचरताना. तिनं एकदाही आवाज चढवला नाही.

मी विचारलं होतं, नीट आठवतंय मला, ‘‘लता, अन् निंबा? तेरावा निंबा. त्याला पेर कुठलं?’’

ती हसली. माझ्या पोटावर हात ठेवून म्हणाली, ‘‘निंबा बोटावर कशाला पाहिजे? तो इथला आहे. बाकीचे परके, त्यांना घोकावं लागतं. पोटच्या पोराला कुणी घोकतं का?’’ मला ते इतकं गोड वाटलं की मी तिच्या गळ्यात पडले. ‘‘आणि समज, काही राहिलंच,’’ ती म्हणाली, ‘‘तर मी तुझ्या मागेच बसणार. पदराचं टोक माझ्या हातात असेल. मी ओढीन. पदर ओढला की समजायचं, कुणीतरी राहिलं.’’

तो शनिवार. घर सारवलेलं, जातं धुऊन पुसून ठेवलेलं. मी नवं लुगडं नेसून पाटावर बसले. समोर सुपात निवडलेले गहू, शेजारी परात. खटल्यातल्या आठ-दहा बाया गोल करून बसल्या. माझ्या मागे लता. आता बघा, रोटाचं काम म्हणजे घरच्यांचंच. परक्या घरची बाई, त्यात विधवा, तिला सासूनं तिथं बसू दिलं. एरवी अशा बाईची सावलीसुद्धा गव्हावर पडू द्यायची नाही ती. मला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती. पण मला काय, पदर लताच्या हातात आहे एवढंच सुख होतं.

निंबा उंबऱ्यावर लाकडी बैल घेऊन बसला होता. माझ्याकडे बघत होता.

मी करंगळीच्या खालच्या पेरावर अंगठा ठेवला. आबांची मूठ. नानांची. काकांची. अंगठा चुकत नव्हता. घरधन्यांची मूठ टाकली, दिरांची टाकली. धनसिंग, वना, पुना. बायांची कुजबुज बंद झाली. मला कळत होतं की मला जमतंय! कित्येक महिन्यांनी काही तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत जमतंय. चुडामण. राघो. माघो. अंगठा पहिल्या बोटाच्या शेंड्यावर आला आणि पुढे पेरच नाही. बारा झाले. मोजून झालं. माझ्या छातीवरचा दगड उतरला आणि मी हात झटकले.

मी थांबले होते, बरं का. हात झटकल्यावर क्षणभर थांबले, पदराकडे सगळं ध्यान देऊन. काही ओढ बसते का म्हणून. पदर हलला नाही.

सासूनं परात उचलली. जात्यापाशी नेली. पहिला घास जात्यात टाकला, खुंटा धरला, आणि जातं घरघरलं.

आणि मग लता बोलली. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

‘‘अक्का, निंबानी मूठ टाकी का तू?’’

एवढंच. जातं थांबलं. कुणीतरी ‘अगं बाई’ म्हणालं. मी परातीकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं, आणि मला कळलं, निंबाची मूठ राहिली. उंबऱ्यावरून निंबा म्हणाला, ‘‘माय माले भुलनी?’’ बैल त्याच्या हातातून खाली पडला. मी मूठभर गहू घेऊन जात्याकडे धावले, तर सासूनं माझं मनगट धरलं. ‘‘आता नाही. रीत मोडायची नाही. आईनं पोटचं पोर सोडलं, आता आणखी काय बघायचं राहिलं?’’

मला सांगायचं होतं. लतानं पदर ओढायचं कबूल केलं होतं, बारा पेरं तिनंच शिकवली, तेरावं तिनंच नको म्हटलं. सगळं डोक्यात होतं. पण तोंडातून ‘ते... ती... पदर, पदर’ एवढंच निघालं आणि मी पदर हलवून दाखवायला लागले. बाया मागे सरकल्या. मला वेडाचा झटका आला असं समजल्या. लता रडत होती. खरंच रडत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं.

दिवेलागणीला ओसरीवर पुरुष बसले. मी आतल्या दाराशी. आबांनी घरधन्यांना विचारलं, ‘‘धुळ्याचा डॉक्टर काय म्हणाला होता? सुधारेल का ही?’’

मला वाटलं, आता सांगतील. एका वेळी एकच काम द्या, घाई करू नका, शेजारी उभे राहा, याला वेड म्हणत नाहीत. चारच वाक्यं. मला आठवत होती, मला! माझ्यासारखीला! त्यांना आठवत नसतील होय?

ते म्हणाले, ‘‘काही खास नाही बोलला.’’

त्यानंतर आठव्या दिवशी भाऊ मला न्यायला आला. निंबा झोपलेला असताना मला गाडीत बसवलं. मार्गशीर्षात त्यांनी पाट लावला. कुणाशी, ते सांगायला पाहिजे का? परक्या घरची, विधवा, गव्हाजवळ बसू दिलेली. घर तिला मिळालं, पोर तिच्या ओटीत गेलं.

तिलाही घर पाहिजे होतं, हे मला आता कळतं. सतराव्या वर्षी कपाळ पांढरं, भावजयीच्या पायाशी जन्म काढायचा, कुणालाही नको वाटेल. कळतं मला. पण कळलं म्हणून मी माफ केलं असं कुणी समजू नये. तिनं मागितलं असतं तर मी अर्धं घर दिलं असतं, सवत म्हणून नांदवलं असतं. लोक नांदतात. तिनं माझं पोर माझ्याच हातून सोडवलं.

भावजयीनं मला सहा महिने ठेवून घेतलं. चुलीवर भांडं करपलं की ‘जाळशील एक दिवस सगळ्यांना’ म्हणायची. मग जळगावला जिनात बाया पाहिजेत असं कळलं, आणि भावानं मला गाडीत बसवून दिलं. तेव्हापासून इथंच. सरकी काढायच्या यंत्राच्या तोंडात कपाशी घालत राहायचं. दिवसभर एकच काम. डॉक्टर म्हणाले होते तसंच, नाही का? गंमतच आहे.

माझ्या खोलीला लागून मदिनाची खोली. तिचा नवरा अय्युब गाद्या भरतो. मदिना माझ्याच पाळीला जिनात येते. पहिल्याच आठवड्यात मी चूल तशीच ठेवून निघाले होते, धूर बघून तिनं विझवली. भांडली नाही. दुसऱ्या दिवशीपासून सकाळी निघायच्या वेळी मधल्या भिंतीवर थाप मारते आणि ओरडते, ‘‘झुंबर, चूल विझवली? कडी लावली? भाकरी घेतली?’’ एकोणीस वर्षं. तिला कुठल्या डॉक्टरनं सांगितलं नाही. कधीकधी वैतागून शिव्याही घालते, पण थाप चुकवत नाही.

बरीच वर्षं मी मनाला समजवत होते, की लतासुद्धा विसरली असेल. गडबडीत पदर ओढायचा राहिला असेल. माणूस आहे. एकदा ईदेच्या शेवया खात बसलो होतो तेव्हा मदिनाला मी सगळं सांगितलं. पेरं मोजून दाखवली. ती माझा हात हातात घेऊन बघत राहिली आणि एकदम म्हणाली, ‘‘या अल्ला! अगं, अंगठा होता ना तुला?’’

‘‘अंगठा तर मोजायला.’’

‘‘मोजून झाल्यावर? बारा झाले की अंगठा मुठीत मिटायचा, तो तेरावा. लहान लेकराला सुचेल हे. ज्या बाईला बारा पेरं सुचली तिला अंगठा सुचला नाही?’’

शेवयांचं ताट मी तसंच खाली ठेवलं. पंधरा दिवस तिनं मला घोकवलं होतं, आवाज न चढवता. पंधरा दिवस तिला अंगठा दिसत होता.

तेव्हापासून दर वर्षी नागपंचमीनंतरच्या शनिवारी मी बाराच्या बारा म्हणते आणि शेवटी अंगठा मुठीत घट्ट मिटते. निंबा. एकदाही विसरले नाही. गहू नाहीत, परात नाही, जातं नाही, पण मी मोजते.

त्याला भेटायला गेले होते मी, दोनदा. पहिल्यांदा तो आठ वर्षांचा होता. लताच्या लुगड्याआड लपला. तिला माय म्हणाला. मी खिशात... नाही, ओटीत रेवड्या नेल्या होत्या, त्या तिनंच त्याला दिल्या. दुसऱ्यांदा सासू दारातच म्हणाली, पोरगं घाबरतं, येऊ नको. तरी मला आशा होती. वाटायचं, मोठा होईल, अक्कल येईल, एक दिवस येऊन विचारील की माय, काय झालं होतं? तेव्हा मी हात पुढे करीन आणि बारा पेरं दाखवीन. एवढ्यासाठी मी ती जपून ठेवली होती.

आणि परवा तो आला.

रविवार होता, दुपार. मी सरपण फोडत होते. धोतर, कोट, टोपी घातलेला उंच माणूस दारात उभा. हातात केळ्यांची फणी. ‘‘माय,’’ म्हणाला, ‘‘मी निंबा.’’ सांगायची गरज नव्हती. वडिलांचा कपाळपट्टा, माझं नाक. मी काय केलं असेल? आधी रडले, मग बाजेवर बसवलं, मग गूळ शोधायला लागले आणि डबा हातात धरूनच डबा शोधत राहिले. तो बघत होता. मग त्यानंच सांगितलं, ‘‘माय, हातात आहे.’’

‘‘लग्न ठरलं,’’ तो म्हणाला. फैजपूरची मुलगी, केळीच्या बागा आहेत त्यांच्या. लढाई संपली म्हणून यंदा थाटात करणार. ही केळी त्यांच्याच बागेतली. मी म्हटलं, ‘‘माझं पोर गं बाई ते! हळद कधी? मी दोन दिवस आधीच येते. मांडे मी करीन, कुणीतरी शेजारी बसलं की जमतं मला.’’

त्यानं कोटातून पत्रिका काढली. चांगली छापलेली, गणपतीची. मला वाचता येत नाही. म्हटलं, ‘‘वाच. सगळी नावं वाच.’’

तो वाचायला लागला आणि माझा अंगठा आपोआप चालायला लागला. आबा नाहीत आता, नाना नाहीत. काकांचं नाव होतं, करंगळी. शालिग्राम. घरधन्यांचं हे नाव त्यानं वाचलं, मी नाही बोलले. मी आजही ते नाव तोंडानं घेत नाही, आता सांगताना घेतलं तेवढंच. दीर, धनसिंग, वना, पुना, चुडामण. जुळे राघो-माघो आता एकोणीस-वीस वर्षांचे झाले असतील. लताची दोन पोरं. शेवटी तो थांबला.

‘‘आणि आईचं?’’

‘‘सौभाग्यवती लताबाई,’’ तो म्हणाला.

मी अंगठा तसाच धरून बसले.

मग तो भराभर सांगायला लागला, पाठ करून आल्यासारखा. फैजपूरची माणसं फार बघून सोयरीक करतात. घराण्यात वेड आहे का असं त्यांनी चार ठिकाणी विचारलं. वडिलांनी नाही म्हणून सांगितलं. आता सख्खी आई जिनात काम करते आणि तिला आठवत नाही हे कळलं तर सोयरीक मोडेल. ‘‘तू ये ना लग्नाला,’’ तो म्हणाला. ‘‘मी म्हणूनच आलो. चांगलं लुगडं पाठवतो. फक्त कुणी विचारलं तर, लताबाईची बहीण म्हणायचं. माझी मावशी. ते खोटं पण नाही तसं.’’

लता आई आणि मी मावशी! मला हसू आलं, खरंच आलं. ते मी दाबलं, कारण मी हसले की लोक मागे सरकतात हे मला माहीत आहे.

‘‘निंबा,’’ मी म्हटलं, ‘‘तुला काय सांगितलंय घरात? मी तुझी मूठ टाकली नाही, हेच ना?’’

‘‘मला सांगायला कशाला पाहिजे? मी उंबऱ्यावरच होतो,’’ तो म्हणाला. ‘‘मला आठवतं.’’

इथं हात पुढे करायचा होता. बारा पेरं दाखवायची होती, पदर, अंगठा, धुळ्याचे डॉक्टर, सगळं. एकोणीस वर्षं शिलकीत ठेवलं होतं. शब्द सुचले नाहीत असं झालं नाही. या खेपेला सगळे शब्द जागेवर होते. पण त्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि त्याला काही ऐकायचं नाही हे मला कळलं. तो पत्रिकेची घडी घालत होता, नीट, कडेला कड जुळवून.

मी म्हटलं, ‘‘मी तुझं नाव सोडलं तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, बाळा. तुझं तर आहे ना?’’

त्याचे कान लाल झाले. चारची मोटार आहे म्हणाला. पाया पडायला वाकला, मी पाय मागे घेतले. तो तसाच क्षणभर वाकलेला राहिला आणि मग टोपी सारखी करत निघून गेला. केळी बाजेवरच राहिली.

थोड्या वेळानं मदिना आली, पिठाचे हात पुसत. केळी बघितली, बाजेवरचा गूळ बघितला. ‘‘कोण गं पाहुणा? कोटवाला?’’

मी लाकडं उचलत होते. म्हटलं, ‘‘लताना पोऱ्या व्हता.’’

मदिनाचा चेहरा उतरला. ती जवळ आली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच, आठवण देताना बोलते तशी बोलली, ‘‘झुंबर, निंबा होता तो. तुझा निंबा. विसरलीस?’’

‘‘नाही,’’ मी म्हटलं. ‘‘या वेळी नाही विसरले.’’